वार बघणाऱ्या शेडगेबाई

माझ्या लॅबमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दोन बऱ्या खुर्च्या आहेत. डॉक्टर कुसुम शेडगे त्यातल्या एकीवरही कधी धड बसल्या नाहीत. टेकल्यासारखं करायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या, आणि मी "बोला बाई" म्हणेपर्यंत उठून खिडकीपाशी गेलेल्या असायच्या. चहा उभ्याने. तोही अर्धा. उरलेला अर्धा माझ्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवून निघून जायच्या आणि संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागायच्या. बाई जाऊन आता दीड-दोन वर्षं झाली. लॅबमध्ये मुंग्या येत नाहीत. मला ते अजिबात आवडत नाही.

महाडला चवदार तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत खाली माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आणि वर बाईंचं बाळंतपणाचं हॉस्पिटल. मार्चमध्ये तळ्यावर माणसांची रीघ लागते तेव्हा आमची गल्ली पार भरून जाते. त्या दिवसांत बाई खाली दारात एक स्टूल टाकून ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन उभ्या राहायच्या. गर्दीतून एखादी पोटुशी बाई दिसली की हाताला धरून बाजूला घ्यायच्या, पट्टा बांधायच्या, पायावर सूज आहे का बघायच्या आणि मगच सोडायच्या. कोण, कुठली, काही विचारायच्या नाहीत. बायकाही बिचाऱ्या मुकाट्याने हात पुढे करायच्या, कारण बाईंचा आवाजच तसा होता.

बाई मूळच्या वरंधच्या. शिकायला पुण्याला गेल्या आणि तिथंच संशोधनाला लागल्या. मग एक दिवस ते सगळं टाकून महाडला आल्या. का आल्या यावर गावात दोन-तीन कथा होत्या. कोणी म्हणे प्रेमभंग, कोणी म्हणे तिथल्या साहेबांशी वाजलं. मी दुसऱ्या पक्षाचा, कारण बाईंचं कोणाशी ना कोणाशी वाजलेलं मी रोज जिन्यातून ऐकत होतो. एकदा सरळच विचारलं. तर म्हणाल्या, "तिथं वार डब्यातून यायची हो. बाई कुठाय विचारलं की कुणालाच माहीत नसायचं."

वार म्हणजे बाळाच्या पाठोपाठ बाहेर पडते ती. नाळेचं एक टोक बाळाच्या बेंबीला आणि दुसरं हिला. नऊ महिने बाळाचं खाणंपिणं, श्वास, सगळं तिच्यातून. आणि बाळ रडलं की तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. बाई मात्र बाळ नर्सच्या हातात देऊन आधी तिच्याकडे वळायच्या. धुवायच्या, ट्रेमध्ये पसरायच्या, खिडकीच्या उजेडात नेऊन उलटीपालटी करायच्या. बाळंतिणीची आई बाहेर "मुलगा की मुलगी?" म्हणून जीव टाकत असायची आणि आत बाई वारेच्या कडेवरून बोट फिरवत स्वतःशी पुटपुटत असायच्या. गावात त्यांना वारवाली बाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणायचं नाही.

माझी आणि त्यांची ओळख झाली तीही वारेमुळेच. नवीनच आल्या होत्या. एक दिवस लॅबमध्ये येऊन स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. बाळंतपणाच्या घरातून आलेला डबा, मला वाटलं डिंकाचे लाडू असतील. मी झाकण उघडलं. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि बाईंनी येऊन विचारलं काय, तर "बर्फ वितळू नाही ना दिला?"

हळूहळू त्यांनी माझी अर्धी लॅब बळकावली. कुठूनतरी एक जुनं मायक्रोटोम आणलं, म्हणजे मेणात बसवलेल्या मांसाच्या पातळ चकत्या कापायचं यंत्र. ते बसवायला माझं कपाट हलवलं. मला चकत्या कापायला शिकवलं. नीट नाही शिकवलं, कारण नीट शिकवायला शेजारी उभं राहावं लागतं. अर्धं सांगून जिना चढायच्या आणि उरलेलं वरून ओरडून सांगायच्या. माझी चकती जाड झाली की "ही काय भाकरी आहे?" आणि चांगली झाली की काहीच नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही शाबासकी दिली नाही. मी वाट बघायचो, हे इथं सांगून टाकतो.

एकदा मी चिडून म्हटलं, बाई, ज्या गोष्टीला सगळं जग फेकून देतं तिच्यात तुम्हाला एवढं काय दिसतं? त्या तेव्हा खिडकीशी होत्या. हातातली स्लाइड उजेडाला धरून म्हणाल्या, "मला ती सुंदर दिसते. इतक्या घाईत बांधलेलं आणि इतकं नीट दुसरं काही असेल तर दाखवा." मग मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला आणि त्या दिवशी, अर्थात येरझारा घालत, सगळं समजावलं.

त्यांचं म्हणणं मला कळलं ते असं. मूल पोटात रुजतं तेव्हा तिथं रक्त नसतं. वारेला रक्तवाहिन्या बांधायच्या असतात, त्याही रिकाम्या जागेत. कुठं बांधायच्या हे कोण सांगतं? तर जिथं प्राणवायू कमी पडतो तिथल्या पेशी निरोप सोडतात की इकडे वाहिनी पाठवा. पुस्तकात या निरोपांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. बाई निरोपच म्हणत. एक निरोप गेला की वाहिनीला कोंब फुटतो, दुसरा गेला की ती धरते, भिंत पक्की होते, आणि एक निरोप तर खास वारेचाच. हे सगळं वेळेवर झालं की मूल अंग धरतं.

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"आपल्या डोंगरातल्या घरातून मुंबईला निरोप जातो ना, लावणी आली, माणसं पाठवा. माणसं येतात. पण समजा एसटी स्टँडवर कोणी रिकामटेकडा उभा आहे, आणि जो निरोप्या येईल त्याला धरून चहा पाजत बसतो. निरोप पोचतच नाही. घर म्हणतं मुंबईवाले विसरले, मुंबईवाले म्हणतात आम्हाला कळलंच नाही."

असले निरोप अडवणारे वार स्वतःच आईच्या रक्तात सोडते म्हणे. थोडे असतातच. ते फार झाले की वारेतल्या वाहिन्या रोडावतात, मूल वाढत नाही. शिवाय आईच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही तेच निरोप लागतात, त्यामुळे तिचं ब्लडप्रेशर चढतं, पाय सुजतात, आणि फार झालं की झटके येतात. कधी मूल जातं, कधी आई जाते, कधी दोघं. आपल्याकडे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं. नाहीतर सुनेचा पायगुण काढतात.

आणि बाईंना हवं काय होतं, तर एकच गोष्ट. आपल्या या डोंगरातली एक बाई, तिसऱ्या महिन्यापासून तिच्या रक्तातले निरोप मोजायचे, आणि शेवटी तिचीच वार हातात घेऊन बघायची. दोन्ही एकाच बाईचं. म्हणजे रक्तात काय दिसलं की आत काय घडत असतं हे स्वतःच्या डोळ्यांनी जुळवता येईल आणि पुढच्या बाईला वेळेवर हलवता येईल. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे बायका मुळात येतात सातव्या महिन्यात, आणि पहिल्यापासून आल्या तर बाळंतपणाला माहेरी कुठंतरी जातात. वार मिळायची तर रक्त नसायचं. रक्त असायचं तर वार भलत्याच गावात पुरलेली.

पुरलेली म्हणतो कारण आमच्या खोऱ्यातली रीतच ती. वार फेकायची नाही. घरामागे, परसात, खड्डा करून हळदकुंकू वाहून पुरायची, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवायचा, आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी काही दिवस तिथं जाऊ द्यायचं. हॉस्पिटलांचे नियम वेगळे, तिथं ती पिवळ्या पिशवीतून जाते. बाई मात्र मागणाऱ्याला वार द्यायच्या. आधी बघून घ्यायच्या, पण द्यायच्या.

यातून एकदा जो गोंधळ झाला तो आठवला की मला अजून हसू येतं. एकाच सकाळी दोन बाळंतपणं झाली, एक वरंधच्या बाजूची, एक शिवथरकडची. आयाबाईंनी डब्यांची अदलाबदल केली. वरंधवाले घाईचे, त्यांनी जाऊन पुरलीही. मग चूक लक्षात आली. शिवथरवाले रागावतील असं आम्हाला वाटलं, तर दुसऱ्या दिवशी धावत आले ते वरंधचे आजोबा. त्यांच्या कपाळाला घाम. त्यांची चिंता अशी की दुसऱ्याच्या पोराची वार आपल्या जमिनीत गेली, आता उद्या त्या पोराने जमिनीवर हक्क सांगितला तर? बाई जिन्यात वर-खाली करत ऐकत होत्या. त्यांनी सांगून पाहिलं की सातबाऱ्यावर नाव लागायला तलाठी लागतो, वार नाही. आजोबांना पटेना. शेवटी शिवथरवाल्यांनी वरंधच्या पोराची वार आपल्या परसात पुरली आणि फिटंफाट केली, तरी आजोबांना ते कागदावर हवं होतं. बाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं, खाली शिक्का मारला. आता ती दोन्ही घरं एकमेकांकडे बारशाला आणि लग्नाला जातात, आणि आंब्यांची पेटीही पाठवतात.

पुराच्या वर्षी लॅबमध्ये पाणी छतापर्यंत आलं. माझी मशीनं गेली, आणि बाईंनी एवढ्या वर्षांत जमवलेल्या सगळ्या बरण्या आणि स्लाइडच्या पेट्या गेल्या. बाई वरच्या मजल्यावर अडकलेल्या, तिथं त्यांनी दोन बाळंतपणं केली. पाणी उतरल्यावर खाली आल्या तेव्हा मी चिखलात बसून रडत होतो. त्यांनी मला उठवलं आणि मायक्रोटोमवरचा चिखल पदराने पुसायला लागल्या. मी म्हटलं, बाई, तुमचं सगळं गेलं. तर म्हणाल्या, "गेलं तर गेलं. त्यातल्या एकीचं तरी पोटुशेपणातलं रक्त होतं का माझ्याकडे?" मग यंत्राची मूठ फिरेना म्हणून यंत्रालाच शिव्या दिल्या.

त्यानंतर सारिका आली.

बाई दर बुधवारी पोलादपूरला बायका तपासायला जायच्या, आणि गाडी स्वतः चालवायच्या. त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. नमुने घ्यायला मीही बरोबर असायचो. सारिका पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली, विशी-बाविशीतली. बरोबर सासू, भागाबाई. नवरा संतोष मुंबईला कुरिअरमध्ये. सारिकाला तिसरा महिना होता आणि हे दुसरं मूल. पहिलं आठव्या महिन्यात, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, मेलेलंच जन्मलं होतं. बाई सारिकाला विचारत होत्या आणि उत्तरं भागाबाई देत होत्या.

"वार दिली नाय आमाला," भागाबाई म्हणाल्या. "मागितली तं म्हनले नियम नाय. मातीत गेली नाय, मंग पोर कसा जगंल?"

मूल आधी गेलं होतं आणि वार नंतर, हे बाईंनी सांगितलं. भागाबाईंनी ते कानाआड केलं. त्यांचा राग खरा सुनेवर होता. हिने आपल्या तोंडाने मागितली असती तर डॉक्टरांना देणं भाग होतं, हिलाच पोराची पर्वा नव्हती, असं त्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. सारिका खाली बघून एवढंच म्हणाली, "मी शुद्धीत नव्हते गो आय. मला झटके आल्ते."

बाई तेव्हा चालायच्या थांबल्या. मला वाटतं तिथंच त्यांनी ठरवलं.

त्या दिवसापासून सारिकाचं रक्त घेणं सुरू झालं. मी ते मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पाणी वेगळं करायचो, बर्फात बांधून मुंबईच्या मोठ्या लॅबला पाठवायचो. बाईंनी तिला रोज घ्यायची एक बारीक गोळी दिली, ब्लडप्रेशर बघायला वाडीवरच्या आशाताईंच्या पाठी लागल्या, आणि दर बुधवारी सारिका दिसेपर्यंत पोलादपूरच्या रस्त्यावर नजर लावून उभ्या राहायच्या. आली की तिच्यावर ओरडायच्या, उशीर का केलास म्हणून. भागाबाई प्रत्येक वेळी बरोबर यायच्या आणि प्रत्येक वेळी एकदा तरी पहिल्या पोराचं काढायच्या. सारिका ऐकून घ्यायची. एकदा बाईंनी भागाबाईंना निरोपांची सगळी गोष्ट सांगितली, स्टँडवरच्या रिकामटेकड्यासकट. भागाबाईंनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, असला मानूस आमच्या स्टँडवर हाय, पन त्यानं पोर मारल्याचा ऐकला नाय.

आठवा लागला आणि गणपती आले. हरतालकेच्या दिवशी सकाळी मुंबईहून रिपोर्ट आला. निरोप अगदीच कमी, अडवणारे भरमसाट. मी जिना चढून वर गेलो, बाईंनी माझ्या हातातला मोबाईल बघितला, आणि मी काही बोलायच्या आत त्या खाली गाडीत होत्या. पोलादपूर, मग वरचा कच्चा रस्ता, मग पायी. सगळा वेळ बाई काहीतरी बोलत होत्या, माझ्याशी नव्हे. वाडीवर पोचलो तर घरात मखर उभं राहत होतं. संतोष मुंबईहून आला होता, हातात रंगीत कागद. सारिका ओटीवर बसलेली, तोंड सुजलेलं, डोकं दुखतंय म्हणत होती. बाईंनी पट्टा बांधला आणि मुंबईला आत्ता न्यायचं म्हणाल्या.

संतोष गडबडला. "मॅडम, एकदम अर्जंट है काय? उद्या गणपती बसतायत."

भागाबाई ओटीवरून हलल्या नाहीत. गौरी जाऊ दे, मग न्या, म्हणाल्या. बाई अंगणात येरझारा घालत होत्या, कोंबड्या इकडून तिकडे पळत होत्या. "बस ना गो बाय," भागाबाई म्हणाल्या, "तुज्याकडं बघून भोवळ येते मला."

"गौरी जाईपर्यंत हिच्या पोटातलं जाईल," बाई म्हणाल्या. "ही पण जाईल."

असं तोंडावर बोलायचं नसतं. सणाच्या घरात तर नाहीच. मग भागाबाईंनी मनातलं सांगितलं. मुंबईला नेलं तर पुन्हा तेच होणार, वार तिकडंच टाकणार, आणि हेही पोर राहणार नाही. त्यापेक्षा इथं होऊ दे, काय व्हायचं ते.

"टाकणार नाहीत. मी आणीन," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने आणून देईन."

"पुरी?"

बाई थांबल्या. मला माहीत होतं त्या का थांबल्या. तिसऱ्या महिन्यापासूनचं रक्त होतं, त्याच बाईची वार येणार होती. सगळं आयुष्य त्या याचीच वाट बघत होत्या.

"पुरी," त्या म्हणाल्या. "नख लावणार नाही."

भागाबाईंनी आत जाऊन सारिकाची पिशवी भरली.

सगळी मुंबई त्या दिवशी कोकणात येत होती आणि आम्ही मुंबईला चाललो होतो. समोरून गाड्यांची न संपणारी रांग, टपावर सामान, काचेतून डोकावणारे मखरांचे कोपरे. आमची बाजू मोकळी होती तरी बाईंना ती कमी वाटत होती. मागे सारिका संतोषच्या खांद्यावर डोकं टाकून पडली होती. मी देवाचं नाव घेत होतो, सारिकासाठी आणि थोडं बाईंच्या गाडी चालवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं. मुलगी. एवढीशी, पण रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सारिकाचं ब्लडप्रेशर दोन दिवस वर-खाली होत राहिलं आणि मग उतरलं. त्या दोन दिवसांत बाई हॉस्पिटलच्या त्या लांब पॅसेजमध्ये किती चालल्या असतील देव जाणे, रखवालदारसुद्धा त्यांना ओळखायला लागला. वार मात्र हॉस्पिटल देईना. नातेवाइकांना देत नाही म्हणाले. बाईंनी आवाज चढवला, उपयोग झाला नाही. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सुचवलं की तुम्ही संशोधनासाठी मागा, तसं देता येतं. बाईंनी सही केली. म्हणजे वार त्यांना मिळाली ती रीतसर, कापून तपासण्यासाठीच.

परत येताना वाटेत महाड. बर्फ बदलायला म्हणून लॅबवर थांबलो. बाईंनी पेटी उघडली, वार ट्रेमध्ये पसरली आणि खिडकीच्या उजेडात नेली. लहान होती, नेहमीच्या मानाने बरीच लहान. आईकडच्या बाजूला जागोजागी पांढरट, कडक चट्टे, रक्त न पोचून मेलेले. बाळाकडच्या बाजूच्या वाहिन्या बारीक. बाई बघत राहिल्या. मीही बघितलं. मग मी नमुना टिकवायचं फॉर्मलिन काढलं आणि सुरी.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. बाई, कडेचा नखाएवढा तुकडा. भागाबाईंना कळणार नाही. आणि हा काही चोरीचा मामला नाही, तुमची सही आहे. यातून पुढच्या दहा सारिका वाचतील. मला ते तेव्हा पटत होतं आणि आजही पूर्ण चुकीचं वाटत नाही. बाई लॅबच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होत्या. टेबलाशी येत, ट्रेकडे बघत, परत जात. त्यांनी एकदा हात पुढे केलाही. मग वार उचलून पेटीत ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"मलाही तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर चला लवकर."

वाडीवर भागाबाई एकट्याच होत्या. सोयर आलं म्हणून गणपती शेजारच्यांनी दीड दिवसातच पोचवला होता. घरामागे गोठ्याच्या बाजूला खड्डा तयार होता, हळदकुंकू, धोंडा, सगळं मांडलेलं. बाईंनी पेटी पुढे केली. भागाबाईंनी केळीच्या पानावर वार घेतली, दोन्ही हातांनी चाचपली. पुरी आहे का ते बघत होत्या. मग त्यांचं बोट एका पांढऱ्या चट्ट्यावर थांबलं.

"हे काय गो? हे करपलेला कशान?"

बाई खाली वाकल्या. त्या बोटाने दाखवत गेल्या, इथं रक्त पोचलं नाही, इथंही नाही, ही वाहिनी बघा, केवढी बारीक राहिली, एवढ्यावर ती पोर जगली. भागाबाई मान हलवत होत्या. शेती केलेला माणूस, पाणी न पोचलेली जागा त्यांना सांगावी लागत नव्हती.

"पयल्या टायमाला बी असाच?"

"असंच असणार. झटके आले ते त्यामुळेच."

"म्हंजे तिनं काय केला नव्हता."

"नाही," बाई म्हणाल्या. "तिच्या हातात काहीच नव्हतं."

भागाबाईंनी त्या चट्ट्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बाई उभ्या राहिल्या, घड्याळ बघितलं, परत वाकल्या. मग भागाबाईंनी पान त्यांच्याकडे सरकवलं.

"ही करपलेली जागा काप नि तू ने," त्या म्हणाल्या. "असला मी पोरीच्या नावान मातीत घालनार नाय. चांगला तेवढाच घालते."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना जे हवं होतं ते तेवढंच होतं. त्यांनी पर्समधून कात्री काढली आणि ते तीन चट्टे, थोडी चांगली कड धरून, कापून एका डब्यात घेतले. भागाबाईंनी उरलेली वार खड्ड्यात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, माती लोटली, धोंडा सरकवला. तेवढ्यात बाई निघाल्यादेखील होत्या. त्यांच्या गाडीत एक वेळ स्टेपनी नसायची, पण फॉर्मलिनची बाटली असायची, आणि तुकडे लवकरात लवकर त्यात जायला हवे होते. हातातला डबा छातीशी धरून त्या पायवाटेने जवळजवळ पळत उतरत होत्या. साडीचा काठ झुडपांना अडकत होता, त्या तो न बघता ओढून सोडवत होत्या.

मीही निघालो, तर भागाबाईंनी मला थांबवलं. सारिकाला फोन लावून दे म्हणाल्या. घरापाशी रेंज नव्हती. आम्ही वरच्या वळणावर गेलो. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. मुंबईत सारिका पेटीतल्या मुलीजवळ बसलेली असणार. भागाबाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडून सारिका "आय? आय, काय झाला?" विचारत होती, ते मला ऐकू येत होतं.

"तुजा काय दोष नव्हता गो," भागाबाई म्हणाल्या. "मी बघितला. माज्या डोळ्यानं बघितला."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. भागाबाई फोन तसाच धरून, डोंगराकडे तोंड करून ते ऐकत राहिल्या.

मला वाटलं, हे बाईंनी ऐकायला हवं होतं. मी खाली बघितलं. त्या गाडीपर्यंत पोचल्या होत्या, बाटलीत तुकडे टाकून झाले होते, आणि मी अजून का येत नाही म्हणून हॉर्नवर हॉर्न वाजवत होत्या.